सलग वास्तव्य

राधाकिशनला सरळ प्रश्न विचारला की तो सरळ उत्तर देतो. हा गुण म्हणायचा की दोष, याचा निकाल सत्यभामेला लग्नाच्या बावीस वर्षांत लावता आला नव्हता. सोयरिकीच्या बैठकीत तिच्या चुलत्यानं विचारलं होतं, "पोराला काई व्यसन?" तर भावी नवरदेव उत्तरला होता, "तंबाखू. दिवसातून चारदा. सणावाराला पाचदा." म्हैस विकायला नेली, तर ती मागच्या डाव्या पायानं लाथ मारते हे गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच सांगून टाकायचा. म्हैस तशीच परत यायची आणि पुढं वर्षभर सत्यभामेलाच लाथा मारायची.

असल्या माणसाला कॉम्प्युटरसमोर एकट्यानं बसवू नये. पण त्या दिवशी सोयाबीनची खुरपणी अर्ध्यावर आली होती, सत्यभामा रानात होती, पोरगी संस्कृती बारावीचे कागद आणायला बीडला गेली होती. राधाकिशन एकटाच तालुक्याला गेला आणि पोरीच्या डोमिसाईलचा अर्ज भरून आला. डोमिसाईल म्हणजे आपण या राज्याचे रहिवासी आहोत असा सरकारी दाखला. धारूरच्या घाटाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत हिवरदरा आहे. तिथं ज्याच्या सात पिढ्या मेल्या त्यालाही हा दाखला मागावाच लागतो.

तहसीलसमोर आदिनाथचं सेतू केंद्र आहे. आदिनाथ माणूस चांगला, पण जून-जुलैत त्याला पाणी प्यायलाही सवड नसते. मागं अकरा माणसं उभी. तो एकेक रकाना वाचत गेला आणि राधाकिशन सांगत गेला. नाव, गाव, रेशनकार्ड. मग आदिनाथनं विचारलं, "मामा, महाराष्ट्राबाहेर कधी राहिलात का?"

"राहिलो की," राधाकिशन म्हणाला. "दरसाल सहा महिने. दिवाळी झाली की कर्नाटकात, ऊस तोडायला. गुढीपाडव्याच्या आसपास वापस."

आदिनाथची बोटं कानांपेक्षा वेगात चालत होती. त्यानं ऐकलं ते टाइप केलं. 'वरील माहिती खरी आहे' या ओळीखाली राधाकिशननं सही केली, समोरच्या गाड्यावर भजी खाल्ली आणि काम फत्ते झालं म्हणून घरी आला.

आठव्या दिवशी, बुधवारी, संस्कृतीच्या फोनवर निरोप आला. अर्ज परत. खाली शेरा होता: अर्जदाराचे राज्यातील सलग वास्तव्य सिद्ध होत नाही.

संस्कृतीनं तो ओसरीवर उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि मग मटकन खाली बसली. सत्यभामा भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही, कारण पोरीचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता.

अडचण अशी होती. संस्कृतीचं दहावी-बारावीचं शिक्षण इथलंच. पण तिचा जन्म अथणीकडच्या एका उसाच्या फडाशेजारी झालेला. तो हंगामाचा ऐन भर होता. सत्यभामा दुपारपर्यंत मोळ्या बांधत होती आणि दिवस मावळायच्या आत बाळंत झाली. शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून कर्नाटकातलं गाव लागलं ते कायमचं. जन्म बाहेरचा असला की डोमिसाईल लागतंच. पोरीला संभाजीनगरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती, तीही मुलींना फी माफ असलेली. नाव नोंदवताना अर्जाची पावती चालून गेली. खरा दाखला मात्र सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन टाकायचा होता. नाही टाकला तर ती परराज्यातली धरली जाणार. मग जागाही जाणार आणि माफीही.

"आप्पा, कावून सांगितलं तुमी?" संस्कृतीचा आवाज चिरकला.

"त्यानं इचारलं."

"आख्ख्या गावानं 'न्हाई' सांगून दाखले काढलेत!"

"का बरं? ते गेलते न्हाईत का कारखान्याला?"

"गेलते! समदे गेलते!"

"मंग 'न्हाई' कसं सांगितलं त्यांनी?" राधाकिशननं खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, आणि संस्कृतीनं कपाळाला हात लावला.

सत्यभामा पुढचा हिशेब करत होती. जागा गेली तर पोरगी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईल असं शहाणी माणसं म्हणतात. हिवरदऱ्यात पुढचं वर्ष इतकं सोपं नसतं. घरी बसलेल्या पोरीला दिवाळीपर्यंत दोन तरी स्थळं येतात आणि तिसऱ्याला नाही म्हणवत नाही. लग्न झालं की पहिल्याच हंगामात ती नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये चढते. संस्कृतीच्या वर्गातल्या सहा पोरी अशाच चढल्या होत्या. सत्यभामा स्वतःही अशीच चढली होती, हातावरची मेंदी उतरायच्या आत.

आदिनाथला फोन लावला. तो बिचारा ओशाळला. "मामा, माझ्याकडनंच घाईत झालं. काळजी करू नका. नवा अर्ज टाकतो, त्या रकान्यात 'नाही' मारतो. तुमी फकस्त सही करा. समदे असंच करतेत."

"खाली काय लिवलेलं असतं?" राधाकिशननं विचारलं.

"कुठं खाली?"

"सहीच्या वर. माहिती खरी हाय म्हणून."

"ते छापीलच असतंय मामा."

"छापील असलं तरी सही माझी ना." राधाकिशननं फोन संस्कृतीच्या हातात दिला. मग कोणी विचारलं नसताना म्हणाला, "पोरीच्या शिक्षणाच्या पायात मी खोटं घालणार न्हाई. उद्या कुणी उकरून काढलं तर दाखला रद्द, कॉलेज बी रद्द. अन् अठरा हंगाम केलेत ही झाल्यापासून. हात बग माझे. न्हाई गेलो असं कसं म्हणू?"

संस्कृती रडत आत गेली. सत्यभामेला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला की करपलेली भाकरी तिनं त्याच्याच ताटात वाढली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली. त्यामुळं तिला आणखीच राग आला.

गुरुवारी ती एकटीच रानात गेली. खुरपणीचं एक बरं असतं. हात आपलं काम करतात आणि डोकं मोकळं राहतं. तणाची एकेक काडी उपटता उपटता ती त्या एका शब्दापाशी पुन्हा पुन्हा येत राहिली. राहिलात का. राहिलो की. तिच्या कानाला ते खटकत होतं. का खटकतंय ते कळत नव्हतं.

मग तिला सासू आठवली. सासू आता नाही, पण तेव्हा खमकी होती. संस्कृती झाल्यावर बाराव्या दिवशी फडातल्या बायांनी बारशाचा घाट घातला होता. कुणी साखर आणली, कुणी धुवट लुगड्याची झोळी बांधायला घेतली. सासूनं ते सगळं गुंडाळून ठेवलं. म्हणाली, "कोपीत पाळणा न्हाई टांगायचा. हितं आपण राहत न्हाई. नाव घरी ठेवायचं." कोपी म्हणजे चटया आणि बांबूची तात्पुरती खोपटी. तिला ना उंबरा ना दार. म्हणून पोरगी तीन महिने बिननावाची राहिली. सगळे तिला नुसतंच 'बाळी' म्हणायचे. तिकडच्या जन्माच्या दाखल्यातही नावाची जागा कोरीच होती. चैत्रात घरी आल्यावर, घराच्या आढ्याला पाळणा टांगून, तिचं नाव ठेवलं. फडातल्या सगळ्याच घरांत अशीच रीत. तिकडं कुणी जावळ काढत नाही, कुणी सोयरिकीला पाहुणे बोलवत नाही, कुणी देव मांडत नाही. घाटाखाली उतरलं की बिऱ्हाडातले देवही घरीच राहिलेले असतात.

सत्यभामेनं खुरपं खाली ठेवलं आणि ती बांधावर जाऊन बसली. शब्द सापडला होता.

दिवस कलता कलता ती घरी आली. राधाकिशन शेळीला पाला टाकत होता.

"आवो, एक सांगा. पावनं आलं अन् म्हणालं, तुमी कुठं राहता, तर काय सांगाल?"

"हिवरदऱ्याला."

"अन् तिकडं, कारखान्यावर, कुणी इचारलं कुठं राहता, तर?"

"तिकडं बी हिवरदरा. कावून?"

"मंग आदिनाथला कसं काय सांगितलं, कर्नाटकात राहतो म्हणून?"

राधाकिशनचा हात पाल्यातच थांबला. खोटं पकडल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्याचा झाला. हा प्रसंग त्याच्या आयुष्यात पहिलाच असावा.

"त्यानं तसं इचारलं," तो चाचरत म्हणाला. "राहिलात का म्हणला."

"त्याला काय ठावं. त्यानं 'गेलता का' म्हणायला पायजे होतं. आपण तिकडं जातो. तिकडं असतो. राहतो हितं."

शेळीनं त्याच्या हातातला पाला ओढून घेतला तरी त्याचं लक्ष नव्हतं. सत्यभामा थांबली. या माणसाला ढकलून चालत नाही. त्याचा तो पोचला तर पोचतो.

"गेलतो," तो शेवटी म्हणाला. "पण राहिलो न्हाई. बरोबर हाय. मी चुकीचं सांगून आलो." आणि लगेच त्याला घाई झाली. "आता जायचं का दुरुस्त करायला?"

"उद्या. हापिस बंद झालं आता."

शुक्रवारी सकाळी ती संस्कृतीला घेऊन गावच्या शाळेत गेली. बद्रीनाथ गुरुजी तिथं चौदा वर्षं होते, निवृत्तीला दोन महिने उरलेले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कपाटाच्या तळातून एक लांबट नोंदवही ओढून काढली आणि तिच्यावरची धूळ स्वतःच्या धोतराला पुसली. वर लिहिलं होतं: हंगामी स्थलांतरित विद्यार्थी.

"ही सरकारनंच ठेवायला लावली हाय," गुरुजी म्हणाले. "लेकरं मधीच निघून जातेत, त्यांची शाळा तुटू नये म्हणून. बग, संस्कृती. पहिली. गेल्याचा दिनांक, परत आल्याचा दिनांक. दुसरी, तेच. तिसरीला तू आजीपाशी राहिलीस, तिसरीचा रकाना रिकामा. चौथीला पुन्हा गेलीस." त्यांनी चष्मा वर केला. "इथं 'परत' लिवलंय बग. माणूस परत कुठं येतो?"

"घरी," संस्कृती म्हणाली. बुधवारपासून पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव होता.

गुरुजींनी त्या पानांच्या नकला काढून त्यावर शिक्का मारून दिला, वर एक पत्रही लिहून दिलं. पत्र जरा लांबलं. गुरुजींना पत्रात कर्तव्य, समाज आणि भावी पिढी हे शब्द घातल्याशिवाय चैन पडत नसे.

तहसीलमध्ये दुपारी दीडला तिघांचा नंबर लागला. सही ज्यांच्या हातात होती त्या मॅडम पस्तिशीच्या, नीटनेटक्या, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी स्क्रीनवर जुना अर्ज उघडला आणि राधाकिशनकडं पाहिलं.

"तुम्हीच लिहून दिलंय, दरवर्षी सहा महिने कर्नाटकात राहतो. अठरा वर्षांतली नऊ तिकडंच गेली. मग मी सलग कसं म्हणू?"

"ते माझं चुकलं मॅडम," राधाकिशन म्हणाला. "आमी तिकडं राहत न्हाई. जातो."

"अहो, जातो काय आणि राहतो काय. सहा महिने तिकडं असता ना?"

"असतो."

"झोपता तिकडं, खाता तिकडं?"

"हो."

संस्कृतीनं डोळे मिटून घेतले. बापाला खोटं बोलता येत नाही हे तिला ठाऊक होतं, पण निदान गप्प तरी बसता यावं अशी तिची फार इच्छा होती.

"मग हा नुसता शब्दांचा खेळ झाला," मॅडम म्हणाल्या आणि फाईल बाजूला सरकवू लागल्या.

सत्यभामा आतापर्यंत दाराशी उभी होती. ती पुढं आली. कचेरीत बोलायची तिला सवय नव्हती. पदर खांद्यावर घट्ट धरून ती म्हणाली, "मॅडम, तुमी येता कुठून?"

"बीडहून. का?"

"रोज?"

"रोज. सकाळी सातच्या गाडीनं."

"मंग दिवसभर हितं असता. जेवण हितंच करता. सुट्ट्या सोडल्या तर वरीसभर हितं. पण तुमाला कुणी इचारलं, कुठं राहता, तर तुमी या गावाचं नाव सांगाल का बीडचं?"

शिपायाला खोकल्याची उबळ आली आणि तो तोंडावर रुमाल धरून बाहेर पडला. शेजारच्या टेबलावरचे कारकून फायलीत डोकं खुपसून बसले. सत्यभामेला कळेना की आपलं काय चुकलं. साहेबलोकांनी नेमणुकीच्या गावीच राहायचं असतं, तसं लिहून द्यायचं असतं, त्यावर घरभाडं मिळतं आणि बहुतेक सगळे तसं लिहून देऊन रोज घरी जातात, ही गोष्ट तिला कुठून ठाऊक असणार? कारकुनांना मात्र पक्की ठाऊक होती.

मॅडमचे कान लाल झाले. त्यांनी सत्यभामेकडं निरखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता. ती खरोखर उत्तराची वाट पाहत होती.

"बीडचं सांगेन," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"का बरं?"

"माझी मुलगी तिथं आहे."

"तसंच हाय आमचं," सत्यभामा म्हणाली. "पोटासाठी जिथं जावं लागतं तिथं माणूस असतो. जिथनं निघतो अन् जिथं वापस येतो, तिथं राहतो. ही पोर तिकडं झाली, पण माझ्या सासूनं तिकडं तिचं नाव ठिवू दिलं न्हाई. तीन महिने बिननावाची ठिवली, पण नाव घरीच ठिवलं. तिकडं राहत असतो तर बारसं तिकडंच केलं असतं की."

मॅडमनी हात पुढं केला. संस्कृतीनं नोंदवहीची पानं दिली. त्यांनी एकेक ओळ बोटानं वाचली. गेल्याचा दिनांक, परत आल्याचा दिनांक. कायमचा पत्ता, हिवरदरा. गेली त्या प्रत्येक वर्षी तेच. गुरुजींचं पत्रही त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, हे विशेष.

"कामासाठी तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास तुटत नाही," त्या कारकुनाला म्हणाल्या. जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या. "नियम तसाच आहे. आपण नुसता आकडा बघून परत पाठवलं. यांचा नवा जबाब घ्या. कामानिमित्त हंगामात बाहेर जातो, कायम वास्तव्य हिवरदरा. मामा, याच्यावर सही कराल ना?"

राधाकिशननं जबाब वाचून दाखवायला लावला. दोनदा. मग म्हणाला, "हे खरं हाय," आणि सही केली. बाहेर आल्यावर संस्कृतीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तहसीलच्या पायरीवरच हसत सुटली, रडतही होती. सत्यभामेला हसू आलं नाही. मॅडमना आपण असं काय बोललो म्हणून शिपाई खोकला, हे ती बसस्टँडपर्यंत विचारत राहिली.

शनिवार-रविवार सुट्टीचे गेले. सोमवारी तिघंही सकाळपासून आदिनाथच्या केंद्रात ठाण मांडून होते. पावणेतीनला दाखला आला. आदिनाथनं तो छापून संस्कृतीच्या हातात दिला आणि तिनं मोठ्यानं वाचला: "...ही महाराष्ट्र राज्यात गेली अठरा वर्षे सलग वास्तव्यास असून..."

सत्यभामेनं हात जोडले. कुणाला जोडले ते तिलाही सांगता आलं नसतं.

"सलग?" राधाकिशन म्हणाला.

"हो आप्पा. सलग."

"मधी गेलतो ते लिवलं न्हाई का?"

"न्हाई. ते जबाबात हाय, त्यांच्या फाईलीत. दाखल्यावर नसतं."

राधाकिशन उठला. चपला घातल्या आणि तहसीलच्या दिशेनं निघाला. तो काय करायला निघालाय हे सत्यभामेला पहिल्या पावलातच कळलं. तिनं त्याचा सदरा मागून धरला, चारचौघांत, जे तिनं बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

"खाली बसा."

"अगं पण..."

"तुमी तिकडं 'राहिलो न्हाई' म्हणलात. त्यांनी तेच लिवलंय. सलग राहिलो ते हितंच. यात खोटं काय?"

"खोटं न्हाई," तो म्हणाला. खाली बसला. गुडघ्यांवर हात ठेवून त्या हातांकडं पाहत राहिला. उसाच्या पाचटानं कापलेले, कोयत्यानं घट्टे पडलेले हात. "खोटं न्हाई. पण अठरा हिवाळे आपण हितं नव्हतो. ती थंडी, ते पहाटंचं गाडी भरणं, तुजं बाळंतपण. या कागदाकडं बगून कुणाला वाटंल, आपण घरीच बसून होतो. मंग आपण केलं ते कुठं लिवलंय?"

हा कागद सत्यभामेला हवा होता, जीव तोडून हवा होता. आणि आता तो आल्यावर तिनं तो उलटून पाहिला; मागची बाजू कोरी होती. पोरीला शिकवलं ते त्या हिवाळ्यांनी, आणि पोरीला शिकायला जायचं तर ते हिवाळे झालेच नाहीत असं दिसायला हवं होतं. तिला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते समजेना. आदिनाथवर काढण्यात अर्थ नव्हता.

आदिनाथ तोवर दाखला कॉलेजच्या अर्जाला जोडत होता. "झालंच," तो म्हणाला. "दोन-तीन रकाने राहिलेत." आणि सवयीनं स्वतःच भरत गेला. वडिलांचा व्यवसाय: शेती.

"ते बदला," संस्कृती म्हणाली.

"कावून? शेती हाय की तुमची."

"दीड एकर कोरडवाहू. तेवढ्यात मी शिकले का?" ती खुर्चीवरून पुढं वाकली. पहिलीपासून प्रत्येक फॉर्मवर तिनं शेतीच लिहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, आपलं आपणच. वर्गात सगळ्याच पोरी शेती लिहायच्या. "'इतर' वर जा. टाइप करा. ऊसतोड कामगार."

आदिनाथनं तिच्याकडं पाहिलं, मग राधाकिशनकडं, आणि टाइप केलं. राधाकिशन ताठ बसला.

पुढचा रकाना आईचा. आदिनाथचं बोट आपोआप यादीतल्या पहिल्या शब्दावर गेलं. गृहिणी.

राधाकिशननं मान पुढं काढून स्क्रीनकडं पाहिलं. अक्षरं लावत लावत वाचलं. "हे काय लिवलंय?"

"गृहिणी, मामा. घर सांभाळणारी. समद्या आयांचं तेच असतंय."

"खोटं हाय ते," राधाकिशन म्हणाला.

"मामा, आता पुन्हा..."

"अरं बाबा, तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतेत. एकटा माणूस आला तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो. अर्धाच मांडतो वहीत." त्यानं स्क्रीनवरच्या आपल्या ओळीवर बोट टेकवलं, काचेवर डाग उमटला. "हे अर्धं झालं. पुरं लिव."

संस्कृतीनं खुर्ची थोडी बाजूला घेतली, आईला दिसावं म्हणून. सत्यभामा चौथीपर्यंत शिकलेली. वाचायला वेळ लागतो, पण वाचते. आदिनाथनं गृहिणी पुसलं आणि दुसऱ्या ओळीत सावकाश टाइप केलं. सत्यभामेनं आधी आपलं नाव ओळखलं. मग त्याच्यापुढचे, वरच्या ओळीतलेच दोन शब्द एकेक अक्षर लावून वाचले, ओठ हलवत. तिनं पदरानं डोळे पुसले, राधाकिशननं काचेवर उमटवलेला डागही त्याच पदरानं पुसला, आणि म्हणाली, "दाब आता ते बटण."